ब्राम्सच्या क्लॅरिनेट सोनाटा: श्रवणसत्रासाठी क्रम आणि ध्वनिमुद्रणं सुचवा

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पुढच्या श्रवणसत्रात जर्मन संगीतकार ब्राम्सच्या ओपस (रचना-क्रमांक) १२० मधल्या क्लॅरिनेट आणि पियानोसाठीच्या दोन्ही सोनाटा ठेवायच्या आहेत. श्रोते चौदा-पंधरा, बहुतेकांचे कान ख्याल आणि नाट्यसंगीतावर तयार झालेले. क्लॅरिनेटची ओळख आहे ती बँडमधल्या क्लॅरोनेटची. वेळ दीड तास, खोली साधारण १५ बाय २० फूट.

पहिल्या सोनाटाचा पहिला भाग काही जणांना आधी पाठवला होता. प्रतिसाद असे आले: "पियानोच फार वाजतो, क्लॅरिनेट दबलंय", "चाल हाती येते न येते तोच निसटते", "सुंदर आहे, पण सगळं एकाच रंगाचं वाटतं".

तीन गोष्टी हव्या आहेत. कुठला सोनाटा आधी लावावा? ध्वनिमुद्रण कोणाचं घ्यावं? आणि या तीन प्रतिसादांना, ऐकणाऱ्याला न दुखावता, काय सांगावं?

---

काळी_चार

तिन्ही प्रतिसाद खरे आहेत आणि तिन्हींची कारणं रचनेतच आहेत. म्हणून त्यांना उत्तर देण्यापेक्षा ऐकण्याचा क्रम बदला.

पहिल्या, म्हणजे फ मायनरमधल्या (कोमल गंधाराच्या स्वरांतल्या) सोनाटाच्या पहिल्या भागाने सुरुवात करू नका. तो दोन्ही सोनाटांमधला सर्वांत गुंतलेला भाग आहे. आधी त्याच सोनाटाचा दुसरा भाग लावा, आंदान्ते उन पोको आदाजो, म्हणजे संथ गतीचा, जेमतेम पाच मिनिटांचा. सुरुवातीला पियानो विरळ, मोजकेच स्वर ठेवतो आणि क्लॅरिनेट एक लांब, वरून खाली उतरणारी ओळ गातं. आलाप ऐकणाऱ्या कानाला इथे काहीही समजावून सांगावं लागत नाही. हाच भाग दोन वेगळ्या वादकांचा लागोपाठ ऐकवा. दुसऱ्या वेळी लोक आपोआप स्वराच्या पोताकडे लक्ष देतात आणि "एकाच रंगाचं" ही तक्रार बरीचशी तिथेच विरते.

त्यानंतर ई फ्लॅटचा दुसरा सोनाटा पूर्ण. पहिल्या भागावर ब्राम्सने आलेग्रो आमाबिले असं लिहिलंय, म्हणजे प्रेमळ चालीचा. प्रस्तावना नाही, क्लॅरिनेट पहिल्याच क्षणी चाल घेऊन येतं. फ मायनर पूर्ण ऐकवायचा तो शेवटी, कान रुळल्यावर.

आता "चाल निसटते" याबद्दल. ब्राम्स चाल सांगून तिच्यावर थांबत नाही. तिच्यातला दोन-तीन स्वरांचा तुकडा उचलतो आणि तो पियानोच्या डाव्या हातात, मधल्या आवाजात, कधी उलटा करून फिरवत राहतो. फ मायनरची सुरुवात पाहा: पहिले चार बार (पाश्चात्त्य स्वरलिपीतले ठेक्याचे छोटे खंड) पियानो एकटाच, दोन्ही हात एकाच ओळीवर, खाली कुठलीही स्वरसंगत नाही. षड्ज पांढरी चार धरला तर त्या ओळीत कोमल रिषभ येतो, आणि तो रिषभच पुढच्या सगळ्या अस्वस्थतेचं बीज आहे. क्लॅरिनेट पाचव्या बारमध्ये मोठमोठ्या उड्या घेत शिरतं. श्रोत्यांना त्या चार बारची ओळ तीनदा वाजवून दाखवा, मग भाग लावा. चाल शोधायला सांगू नका, ती ओळ कुठे कुठे डोकावते एवढंच पाहायला सांगा. आणि शेवटाकडे लक्ष वेधा: वेग उतरतो, मेजरमध्ये (शुद्ध गंधाराच्या स्वरांत) येऊन भाग अगदी हळू मिटतो. तिथे खोलीत कोणी खुर्ची सरकवली तर सगळं जातं, म्हणून चहा त्या आधीच आटपा.

---

रीड_तीन_नंबर

"क्लॅरिनेट दबलंय" याचं वाद्याच्या बाजूने उत्तर देतो.

क्लॅरिनेटमध्ये खालचं सप्तक मिळवायला जवळजवळ सगळी भोकं बंद असतात, नळी पूर्ण लांबीने बोलते. वरच्या पट्टीत गेल्यावर अंगठ्याखालची कळ दाबून तोच बोटांचा संच बारावा स्वर देतो (बासरीसारखा आठवा नाही). या दोन पट्ट्यांच्या मध्ये तीन-चार स्वर असे उरतात की जवळजवळ सगळी भोकं उघडी, नळी आखूड, आणि आवाज पातळ. बी फ्लॅट क्लॅरिनेटवर हे स्वर ऐकू येतात ते पेटीच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी चारपासून काळी चारपर्यंत. म्हणजे फ मायनरचा नेमका षड्ज ते कोमल गंधार! ब्राम्स हे टाळत नाही, या पातळ स्वरांचा उपयोग करून घेतो. पण त्याच उंचीवर पियानोचे जाड स्वरसमूह आले की कमकुवत ध्वनिमुद्रणात क्लॅरिनेट बुडतं.

दुसरं कारण पियानो. १८९४ च्या वाद्यांचा मंद्र आजच्या कॉन्सर्ट ग्रँडच्या मानाने हलका आणि स्वच्छ होता. ब्राम्सच्या व्हिएन्नातल्या घरी श्ट्रायखर कंपनीचा पियानो होता. त्या वाद्यावर सहज निभावणारे डाव्या हातातले सा-ग आणि सा-सां अशा अंतरांचे जोडस्वर आज गढूळ होतात. चांगला पियानोवादक इथे पेडल अर्ध्यावरच ठेवतो.

म्हणून शिफारशी, माझ्या पसंतीच्या क्रमाने (जोडीत आधी क्लॅरिनेटवादक, मग पियानोवादक):

लोरेन्त्सो कोप्पोला आणि आंद्रेआस श्टायर. क्लॅरिनेट म्यूलफेल्डच्या (ज्याच्यासाठी या सोनाटा लिहिल्या तो वादक) वाद्याच्या धर्तीवरचं, बॉक्सवूड लाकडाचं, पियानो एकोणिसाव्या शतकातला, श्टाइनवे कंपनीचा. तोल आपोआप जुळतो. तुमच्या तक्रार करणाऱ्या श्रोत्यांना आंदान्ते यांचाच ऐकवा.

कार्ल लाइस्टर आणि गेरहार्ट ओपित्स. कंप नसलेला, सरळ, घट्ट सूर. जर्मन परंपरा कशी असते ते कळायला दुसरं उदाहरण लागत नाही.

जर्व्हेस द पायर आणि डॅनिएल बारेनबॉइम. इंग्लिश परंपरेतला हलका कंप, उबदार. गाणं ऐकणाऱ्यांना हे बहुधा सर्वांत जवळचं वाटेल. लाइस्टरनंतर लगेच लावा, फरक एका मिनिटात कळतो.

मार्टिन फ्रोस्ट आणि रोलांड पॉन्टिनेन. हळू आवाजातली कारागिरी अशी की श्वास कुठे घेतला ते सापडत नाही. फक्त साध्या स्पीकरवर हेच बारकावे हरवतात.

यॉर्ग विडमन आणि आंद्राश शिफ यांचं ध्वनिमुद्रण मोकळं, बोलकं आहे. पण पहिल्यांदा ऐकणाऱ्यांपुढे ते लावू नये असं माझं मत. वाक्यं जागोजागी ताणलेली आहेत. मूळ ठेका मनात बसलेला नसेल तर गोंधळ होतो.

---

मंद्रसप्तक

दोघांचेही मनापासून आभार. पांढरी चार ते काळी चार हे पेटीवर दाखवता येईल, छान कल्पना आहे. म्यूलफेल्डबद्दल श्रोत्यांना थोडक्यात काय सांगावं? आणि दुसऱ्या सोनाटाच्या शेवटच्या भागात एकाच चालीची रूपं बदलतात ती ओळखायची कशी?

---

काळी_चार

म्यूलफेल्ड दोन मिनिटांत संपवा. रिखार्ट म्यूलफेल्ड माइनिंगेनच्या दरबारी वाद्यवृंदाचा क्लॅरिनेटवादक, मुळात व्हायोलिनवाला. ब्राम्स नवीन काही लिहायचं थांबवण्याच्या विचारात होता. १८९१ च्या वसंतात त्याने याला ऐकलं आणि त्याच वर्षी क्लॅरिनेटसाठी एक त्रिकूट आणि एक पंचक लिहिलं. या दोन सोनाटा १८९४ च्या उन्हाळ्यात बाड इश्लमध्ये लिहिल्या, सप्टेंबरमध्ये बेर्ख्टेसगाडेनला खाजगीत वाजल्या आणि जानेवारी १८९५ मध्ये व्हिएन्नात जाहीर कार्यक्रमात. पियानोवर दोन्हीकडे स्वतः ब्राम्स. त्याची ही शेवटची चेंबर (मोजक्या वाद्यांसाठीची) रचना, १८९७ मध्ये तो गेला. एवढं पुरे.

शेवटचा भाग: मूळ चाल ६/८ मध्ये, दादऱ्याच्या सहा मात्रांच्या डुलण्यासारखी, आणि लांबी चौदा बार. सोळा नाही. कान सोळाची वाट पाहतो आणि चाल दोन बार आधीच मिटते, हा या भागाचा सगळ्यात लोभस गुण. श्रोत्यांना बोटांवर मोजायला लावा. पुढची रूपं मोजण्यापेक्षा हालचालीवरून ओळखा: तिसऱ्यात दोघेही बारीक, वेगवान नक्षी एकमेकांकडे देतात. चौथं जवळजवळ थांबलेलं, उसंत घेऊन टाकलेले स्वरसमूह. पाचवं अचानक जलद, २/४ मध्ये आणि मायनरमध्ये. इथे हमखास कोणीतरी दचकतं. त्यानंतर शांत होऊन मेजरमध्ये परत, आणि शेवट झगझगीत. टाळ्या तिथे.

याच सोनाटाच्या मधल्या भागालाही विसरू नका. ई फ्लॅट मायनरमधला तो झंझावात आणि त्याच्या पोटात बी मेजरचा संथ, भजनासारखा तुकडा, जो आधी पियानो एकटा म्हणतो. "पियानोच फार वाजतो" म्हणणाऱ्याला हा तुकडा नीट ऐकवा. इथे पियानोला साथीदार म्हणताच येत नाही, जुगलबंदीतला बरोबरीचा वादक आहे तो.

---

तार_चौथी

एक सुचवणी, क्रमात थोडी वेगळी. ब्राम्सने स्वतःच या सोनाटा व्हिओलासाठीही (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या सुराचं वाद्य) बसवून दिल्या. काही उंच जागा सप्तकभर खाली आणल्या, काही ठिकाणी जोडस्वर घातले. किम काश्काशियान आणि रॉबर्ट लेव्हिन यांचा आंदान्ते क्लॅरिनेटनंतर लावून पाहा. सारंगी ऐकलेल्या कानाला तो चटकन जवळ येतो. पण तिसरी आवृत्ती म्हणून, दुसरी म्हणून नको; नाहीतर चर्चा "व्हिओला बरा की क्लॅरिनेट" यावरच अडकते.

ब्राम्स जड जाईल असं वाटत असेल तर सुरुवातीला शूमानचे फांटाझीश्ट्युके, ओपस ७३. फेब्रुवारी १८४९, ए क्लॅरिनेटसाठी, तीन छोटे तुकडे न थांबता एकमेकांत जाणारे, अकरा मिनिटांच्या आसपास. मात्र दोन्ही सोनाटांसोबत हेही ठेवलं तर दीड तासात चर्चेला जागा उरणार नाही. मी तरी शूमान वेगळ्या सत्राला ठेवेन.

---

वूफर_बंद

खोली आणि यंत्रणेकडे कोणी वळलं नाही म्हणून लिहितो. अर्धे "दबलंय" इथेच सुटेल.

दोन स्पीकर घ्या, एक ब्लूटूथ डबा नको. मोनो डब्यात क्लॅरिनेट आणि पियानोचा मधला भाग एकाच बिंदूतून येतो आणि जाड वाद्य जिंकतं. स्पीकर एकमेकांपासून सात-आठ फूट, भिंतीपासून किमान दोन फूट पुढे, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर. भिंतीला, त्यातही कोपऱ्याला चिकटवले की पियानोचा डावा हात फुगतो. बास बूस्ट, इक्वलायझर, "कॉन्सर्ट हॉल"सारखे परिणाम सगळे बंद. सबवूफर असेल तर तोही बंद, क्लॅरिनेटचा सर्वांत खालचा स्वरसुद्धा १४५ हर्ट्झच्या वरच असतो.

आवाजाची पातळी फ मायनरच्या पहिल्या भागातल्या जोराच्या जागेवर ठरवा आणि मग बटणाला हात लावू नका. लोक हळू भाग आला की आवाज वाढवतात आणि पुढचा भाग अंगावर येतो. ॲपमधून लावत असाल तर ऑटोप्ले बंद करा, नाहीतर शेवट संपताच दुसऱ्याच कोणाचं काहीतरी सुरू होतं. जाहिराती येणारं मोफत खातं चालणार नाही. फाइल उतरवून, फोन विमान मोडवर.

पंखे मध्यम वेगावर. पूर्ण वेगातल्या पंख्याची घरघर क्लॅरिनेटच्या हळू मंद्र स्वरांना नेमकी झाकते.

---

मंद्रसप्तक

मग असं ठरवतो: आंदान्ते दोनदा (कोप्पोला, मग द पायर) आणि बोलणं मिळून २० मिनिटं, दुसरा सोनाटा पूर्ण, २१ मिनिटं, लाइस्टरचा, चहा १० मिनिटं, चार बारची ओळ आणि पेटीवरचं प्रात्यक्षिक १० मिनिटं, पहिला सोनाटा पूर्ण, २३ मिनिटं, पुन्हा कोप्पोला. सहा मिनिटं उरतात, तेवढी लोकांना. स्वरलिपी पडद्यावर दाखवावी का?

---

रीड_तीन_नंबर

दाखवा, पण फक्त त्या चार बारची. पूर्ण स्वरलिपी दाखवली की लोक वाचू लागतात, ऐकायचं राहतं. आणि पेटीवर प्रात्यक्षिक करताना एक जपा: बी फ्लॅट क्लॅरिनेटची ओळ लिहिलेली असते त्यापेक्षा एक पूर्ण स्वर खाली ऐकू येते. कागदावर 'सी' दिसला तर पेटीवर वाजवायची ती काळी पाच, पांढरी एक नव्हे. त्या चार बारना ही अडचण नाही, ते पियानोचे आहेत, जसे लिहिलेत तसेच वाजवा. क्लॅरिनेटची पहिली ओळ दाखवायची असेल तर आधी घरी उतरवून घ्या.