तातडीचं: स्टेजवरून पडली, झोपू द्यायचं का?

धाकटी आज तालमीत स्टेजवरून पडली ते बऱ्याच जणांनी बघितलंच. लगेच रडली, शुद्ध गेली नाही. कपाळावर टेंगूळ आहे, फडक्यात गुंडाळून बर्फ लावला. घरी एकदा उलटी झाली. आता पेंगतेय. तशी झोपायची वेळ झालीच आहे, पण सासूबाई म्हणतात, अजिबात झोपू देऊ नकोस. कुणीतरी लवकर सांगा.
– धाकटीची आई

अगं, जागीच ठेव. आमच्या थोरल्याला आम्ही रात्रभर गोष्टी सांगत बसलो होतो. आणि टेंगूळ आलं ते बरं, मार बाहेर आला.
– काकू

काकू, टेंगळावरून आतलं काही कळत नाही. तिथे रक्तवाहिन्या भरपूर, त्यामुळे थोड्या मारानेही फुगतं. दोन वर्षांखालच्या बाळाला कपाळ सोडून बाजूला किंवा मागे मऊ फुगवटा आला, तर मात्र दाखवायलाच हवं.
ताई, आधी तिला उठवून चालायला लाव, बोलतं कर. नेहमीसारखी असेल तर झोपू दे, मधूनमधून उठवून बघ. नीट जागी होत नसेल, झटका आला, डोळ्याची एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसली, नाका-कानातून पाणी किंवा रक्त आलं, तर थेट अँब्युलन्स. पुन्हा उलटी झाली तर हॉस्पिटल. आणि वैद्यकीय सल्ल्याच्या हेल्पलाइनला आत्ताच फोन कर. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन नको. दुखलं तर पॅरासिटामॉल. किती उंचीवरून पडली? तिच्या वयाला पाच फुटांच्या वर असेल तर जास्त काळजी.
– डॉक्टरवहिनी

स्टेज तीन फुटांचं आहे. कडेला खुर्च्या लावायचं ठरलं होतं, ते नेपथ्याच्या लोकांकडे होतं.
– सचिव

खुर्च्या आम्ही लावल्या होत्या, तालमीसाठी कुणीतरी काढल्या. प्रथमोपचार पेटीची किल्ली फक्त समितीकडे का, ते आधी सांगा. बर्फ शोधण्यात किती वेळ गेला!
– नेपथ्य

उठवलं. चालली, पण तोल जातोय, आणि दुसरी उलटी झाली. फोन केला, ताबडतोब आणा म्हणाले. निघतोय. दादाला कोण सांभाळेल?
– धाकटीची आई

मी पाच मिनिटांत येते. पडल्याची आणि दोन्ही उलट्यांच्या वेळा कागदावर लिहून ने, तिथे गेल्यावर हेच विचारतात. आज तिला काही औषध दिलं असेल तर तेही लिही.
– काकू