लायन्सनं तेव्हा किक घ्यायला हवी होती ना?

रावेरकर: 29 जानेवारी 2024, पहाटे पाच. वडील केळीला पाणी द्यायला निघाले, मी मोबाइलवर डेट्रॉइट लायन्स, आपला अमेरिकन फुटबॉलचा संघ. मध्यंतराला 24-7 पुढे, शेवटी फोर्टी नायनर्सकडून 34-31 हार! कोच कॅम्पबेलनं चौथ्या डाउनला, म्हणजे चेंडू पुढे न्यायच्या शेवटच्या प्रयत्नाला, दोनदा फील्ड गोल (तीन गुणांची किक) सोडून पुढे जायचा डाव खेळला. तीनच गुणांनी गेलो. अजून जीव हळहळतो.

भुसावळवाला: भाऊ, त्याच हिमतीवर मोसमात 12 जिंकले, 5 हरले. 1993 नंतर प्रथमच डिव्हिजन (आपला चार संघांचा गट) जिंकली. रॅम्सवरचा 24-23 विजय आठव, 32 वर्षांनी प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) जिंकले!

चोपड्याचा: पहिल्यांदा निर्णय बरोबरच, पास आपल्या रेनॉल्ड्सच्या हातातून सुटला. दुसऱ्यांदा मात्र 27-24 मागे होते, किकनं बरोबरी झाली असती.

रावेरकर: तीच दुसरी सलते. वडील परतले तरी मी तिथंच बसून होतो.