मदत हवी आहे: जुन्या पूरखुणांवरून भरती, वादळी उधाण आणि लाटा वेगळ्या कशा करायच्या?

वादळाने किनाऱ्यावर चढलेल्या पाण्याचा तुलनात्मक तक्ता करत आहे. त्यात 1900 चं अमेरिकेतल्या गॅल्व्हेस्टन शहरावरचं वादळ, 1953 चा उत्तर समुद्राचा पूर आणि 1970 चं भोला चक्रीवादळ (आजचा बांगलादेश, तेव्हाचा पूर्व पाकिस्तान) आहे. घोळ उंचीच्या आकड्यांत आहे. कुठे फक्त वादळाने वाढलेलं पाणी, म्हणजे वादळी उधाण, दिलेलं असतं, कुठे भरतीसकट एकूण पातळी, तर कुठे लाटांचा मारासुद्धा त्यात धरलेला.

1953 चं जमलं. त्या रात्री अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती आणि वादळ एकत्र आलं. नेदरलँड्समध्ये 1836 माणसं गेली. तिथे भरतीमापकाच्या नोंदीतून अपेक्षित भरती वजा केली. हवेचा दाब 1 हेक्टोपास्कलने उतरला की पाणी साधारण 1 सेंटिमीटर चढतं, तेवढा भागही वेगळा काढला. बाकीचं वाऱ्याने ढकललेलं.

भोलासाठी मात्र माझ्या हाती फक्त झाडा-भिंतींवरच्या खुणा आणि वाचलेल्यांच्या आठवणी आहेत. किमान 3 लाख माणसं ज्या पाण्यात गेली, त्याची उंची अंदाजाने लिहायला मन धजत नाही. बंद खोलीतली खूण शांत पाण्याची आणि बाहेरची लाटांसकट असते, हे माहीत आहे. पण बहुतेक खुणा बाहेरच्याच आहेत. संगणकी प्रारूप चालवण्याची सोय नाही, हातानेच गणित करायचं आहे. थोडी चूक चालेल, पण चुकीची मर्यादा सांगता यायला हवी.

अशा बाहेरच्या खुणेतून लाटांचा वाटा वजा करायची सर्वमान्य रीत कोणती, आणि तिथली किनाऱ्याजवळची उथळ खोली त्यात कशी धरायची?