मदत हवी आहे: मॉस्कोनी कपमध्ये अमेरिकेचा संघ वारंवार का हरतो?

नमस्कार.

आमच्या क्लबच्या वार्षिक अंकासाठी मी मॉस्कोनी कपवर एक लेख लिहीत आहे. आपल्याकडील वाचकांना बिलियर्ड्स आणि स्नूकर यांचा परिचय बऱ्यापैकी असतो, पूलचा मात्र कमी. त्यामुळे स्पर्धेचा इतिहास सांगून झाला, पण एका प्रश्नापाशी लेख अडला आहे. या खेळाची जाण असणाऱ्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

ज्यांना या स्पर्धेची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिका विरुद्ध युरोप अशी ही नाईन बॉलची (नऊ क्रमांकित चेंडू चढत्या क्रमाने खेळण्याचा पूलचा प्रकार) सांघिक स्पर्धा १९९४ साली लंडनजवळच्या रॉमफर्ड येथे सुरू झाली. १९५४ साली सलग ५२६ चेंडू पॉकेटमध्ये घालणारे आणि १९९३ साली निवर्तलेले अमेरिकेचे विली मॉस्कोनी यांचे नाव तिला देण्यात आले. प्रत्येक संघात पाच खेळाडू असतात. एकेरी, दुहेरी आणि सांघिक असे सामने होतात, प्रत्येक सामना प्रथम पाच रॅक (म्हणजे डाव) जिंकणाऱ्याचा असतो, आणि सध्याच्या पद्धतीत जो संघ आधी अकरा सामने जिंकेल त्याच्याकडे करंडक जातो.

आता मुख्य अडचण. १९९४ ते २००६ या तेरा स्पर्धांपैकी दहा अमेरिकेने जिंकल्या, दोन युरोपने, आणि २००६ ची स्पर्धा १२-१२ अशी बरोबरीत सुटली. २००१ साली तर अमेरिकेने युरोपला १२-१ असे हरवले होते. त्यानंतर २००७ ते २०२४ या अठरा स्पर्धांत चित्र पूर्ण पालटले: युरोपचे पंधरा विजय, अमेरिकेचे फक्त तीन (२००९, २०१८ आणि २०१९). ज्या देशाने हा खेळ जगाला दाखवला, ज्या देशात आजही गल्लोगल्ली पूलची टेबले आहेत, त्या देशाचा संघ २०१३ साली घरच्या मैदानावर, लास वेगासमध्ये, २-११ असा हरला, याचा उलगडा मला होत नाही.

मी जे वाचले आणि ऐकले त्यातील तीन स्पष्टीकरणे वारंवार पुढे येतात, पण एकही मनाला पटत नाही. पहिले स्पष्टीकरण प्रेक्षकांचे. लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये फटक्याच्या क्षणापर्यंत जो गलका चालतो तो भल्याभल्यांचा हात थरथरवणारा असतो, हे मान्य. परंतु २०१८ चा विजय अमेरिकेने त्याच सभागृहात ११-९ असा मिळवला आणि २०२२ चा पराभव लास वेगासमध्ये, तर २०२४ चा ऑरलँडोमध्ये पत्करला. दुसरे स्पष्टीकरण गुणवत्तेच्या अभावाचे. तेही अपुरे वाटते, कारण २०२२ चा विश्वविजेता शेन व्हॅन बोनिंग आणि २०२४ चा विश्वविजेता फेडर गोर्स्ट हे दोघेही २०२४ च्या अमेरिकी संघात होते आणि तरीही निकाल ६-११ असा लागला. तिसरे स्पष्टीकरण नशिबाचे: पाच रॅकचा सामना इतका छोटा असतो की त्यात कोणीही कोणालाही हरवू शकतो. हे खरे असेल तर निकाल दोन्ही बाजूंना सारखे वाटले जायला हवे होते. एकाच बाजूला इतके कसे झुकले?

तेव्हा माझा नेमका प्रश्न असा: हा संघ हरतो तो टेबलावर नेमका कुठे हरतो? मानसिक दुर्बलता हे उत्तर कृपया देऊ नये. व्हॅन बोनिंगसारख्या खेळाडूचा खेळ वर्षानुवर्षे पाहिल्यावर ते उत्तर मला अन्यायकारक वाटते.

प्रतिसाद १

आपले तिसरे स्पष्टीकरण आपण ज्या कारणाने नाकारले, त्याच कारणात उत्तर दडलेले आहे. थोडा हिशेब करून पाहू.

समजा, युरोपचा सरासरी खेळाडू अमेरिकेच्या सरासरी खेळाडूपेक्षा किंचितच सरस आहे, म्हणजे शंभर रॅकपैकी ५५ जिंकतो आणि ४५ हरतो. हा फरक डोळ्यांना दिसतही नाही. सामना पाहताना आपण म्हणू की दोघे तुल्यबळ आहेत. प्रथम पाच रॅकच्या सामन्यात या फरकामुळे त्याची जिंकण्याची शक्यता सुमारे ६२ टक्के होते. म्हणजे एक सामना खरोखरच बेभरवशाचा असतो, हे आपले म्हणणे बरोबर आहे. पण करंडक एका सामन्यावर ठरत नाही. प्रथम अकरा सामने जिंकायचे म्हणजे जास्तीत जास्त एकवीस सामने आणि प्रत्येकी जास्तीत जास्त नऊ रॅक. ६२ टक्क्यांची ही आघाडी एकवीस सामन्यांवर पसरली की करंडक जिंकण्याची शक्यता ८७ टक्क्यांच्या आसपास जाते. तेवढ्यावर सलग पाच वर्षे जिंकण्याची शक्यताही जवळपास निम्मी आहे.

म्हणून युरोपने २०२० ते २०२४ अशी सलग पाच वर्षे जिंकली यात दोन्ही संघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे असे सिद्ध होत नाही. रॅकमागे ५५-४५ इतका फरक पुरेसा आहे.

आता हा ५५-४५ चा फरक येतो कुठून, ते पाहावे. अमेरिकेचे पहिले दोन खेळाडू प्रतिस्पर्ध्यांशी अगदी बरोबरीचे आहेत असे धरा आणि उरलेले तिघे शंभरातील ४२ रॅक जिंकणारे आहेत असे धरा. सरासरी निघते ४५. या स्पर्धेत पाचही जणांना टेबलावर उतरावे लागते, कोणाला लपवून ठेवता येत नाही. त्यामुळे दोन विश्वविजेते संघात असूनही संघ हरतो, यात विरोधाभास नाही. आपण पहिल्या आणि दुसऱ्या खेळाडूकडे पाहत आहात. करंडक ठरतो तो तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या खेळाडूवर.

धागाकर्त्याचे उत्तर

मनःपूर्वक आभार. इतक्या छोट्या फरकाचा इतका मोठा परिणाम होत असेल अशी कल्पना नव्हती. मग माझा प्रश्न बदलतो: कोट्यवधी लोक ज्या देशात पूल खेळतात, तिथे चौथा आणि पाचवा खेळाडू का सापडू नये?

प्रतिसाद २

मी अमेरिकेत राहतो आणि बरीच वर्षे हौशी लीगमध्ये खेळतो, म्हणून या प्रश्नावर लिहावेसे वाटले.

इथे पूल खेळणारे अमाप आहेत, परंतु त्यांतील फार मोठा वर्ग बारमधल्या सात फुटी, नाणे टाकून चालणाऱ्या टेबलावर खेळतो. व्यावसायिक स्पर्धा नऊ फुटी टेबलावर होतात. सात फुटी टेबलावर पांढरा चेंडू थोडा इकडेतिकडे गेला तरी पुढचा फटका बहुधा हाताशी राहतो. नऊ फुटी टेबलावर तीच चूक तुम्हाला लांबच्या, पातळ कटवर नेऊन ठेवते किंवा सरळ सेफ्टी (चेंडू घालण्याऐवजी प्रतिस्पर्ध्याला अडचणीत टाकणारा बचावात्मक फटका) खेळायला लावते. लहान टेबलावर दहा वर्षे घालवलेल्या चांगल्या खेळाडूला पांढऱ्या चेंडूच्या वेगाचा अंदाज जवळजवळ नव्याने बांधावा लागतो.

दुसरी गोष्ट हँडिकॅपची. इथल्या लीगमध्ये प्रत्येक खेळाडूला त्याच्या कौशल्यानुसार अंक मिळतो, आणि एका रात्री उतरणाऱ्या पाच जणांच्या अंकांची बेरीज २३ च्या वर जाऊ नये असा एक सर्रास आढळणारा नियम आहे. नवख्या माणसाला दर्जेदार खेळाडूसमोर उभे राहण्याची संधी मिळावी, हा त्यामागील हेतू चांगला आहे आणि त्यामुळेच इतके लोक खेळतात. पण परिणाम पाहा: एखादी मुलगी मेहनत करून पाचवरून सहावर गेली की तिच्या संघाची बेरीज बिघडते आणि मंडळी आनंद मानायच्या आधी कोणाला बाहेर बसवायचे याचा विचार करू लागतात. जी व्यवस्था सुधारणाऱ्या खेळाडूलाच अडचण मानते, तिच्यातून चौथा-पाचवा दर्जेदार खेळाडू घडणे कठीण आहे.

युरोपात, विशेषतः जर्मनीत, पूल क्लबमध्ये आणि श्रेणीबद्ध लीगमध्ये खेळला जातो. वरच्या श्रेणीत जायचे तर जिंकावे लागते. युरोपीय महासंघाच्या युवा अजिंक्यपद स्पर्धा दरवर्षी होतात आणि १९९२ पासून युरो टूर ही युरोपातील स्पर्धांची मालिका चालू आहे. सोळा-सतरा वर्षांचा पोलिश किंवा स्पॅनिश मुलगा मोठ्यांच्या स्पर्धेत येतो तेव्हा तो परदेशी टेबलावर, परक्या पंचांसमोर, घड्याळाच्या धाकात बरेच खेळलेला असतो. २०२२ चा युरोपचा संघ पाहा: जर्मनीचा योशुआ फिलर, स्कॉटलंडचा जेसन शॉ, ऑस्ट्रियाचा अल्बिन ओउशान, स्पेनचे दाविद अल्काइदे आणि फ्रान्सिस्को सांचेझ रुइझ. यातला पाचवा कोण, हे मला सांगता येणार नाही.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे, फक्त दुहेरीचा मुद्दा जोडतो, कारण तो दूरचित्रवाणीवर सहज सुटतो.

दुहेरीत जोडीदार आळीपाळीने फटके मारतात. समजा, मी सहा नंबरचा चेंडू घातला आणि पांढरा चेंडू सातसाठी कुशनपासून वीतभर अंतरावर थांबवला. मला स्वतःला तिथून सात खेळणे सोपे असेल, पण पुढचा फटका माझा नाही. माझा जोडीदार कदाचित डावखुरा आहे, कदाचित त्याला तिथून ब्रिज (लांबच्या फटक्यासाठी क्यू टेकवायची काठी) वापरावा लागेल, कदाचित त्याला सातवरून आठवर जाण्यासाठी उलटा कोन आवडतो. हे सारे तीस सेकंदांत ठरवायचे असते. रॅकमध्ये एकदाच वेळ वाढवून मिळतो. अमेरिकेतील अनेक गुणी खेळाडूंची जडणघडण पैशांच्या लांबलचक एकास-एक सामन्यांत झालेली आहे, जिथे शंभर रॅकपर्यंत खेळताना पहिली दहा गमावली तरी सावरायला अवकाश असतो. त्या शाळेतील धैर्य आणि चिकाटी मला मनापासून आदरणीय वाटते. पण मॉस्कोनी कपमध्ये ना तो अवकाश असतो, ना फटका सर्वस्वी आपला असतो.

कर्णधाराविषयी दोन परस्परविरोधी दाखले लेखात अवश्य घ्यावेत. २०१४ ते २०१६ या काळात मार्क विल्सन यांनी संघाला शिस्त आणि एकत्र सराव लावण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला, तरी तिन्ही वेळा पराभव झाला. त्यानंतर पूर्वी युरोपचेच यशस्वी कर्णधार राहिलेले नेदरलँड्सचे योहान राउसिंक अमेरिकेकडे आले. पहिल्या वर्षी ४-११ अशी हार आणि पुढील दोन वर्षे विजय. त्या दोन्ही विजयांत स्कायलर वुडवर्ड सर्वोत्तम खेळाडू ठरला, व्हॅन बोनिंग नव्हे. प्रतिसाद १ मधील मुद्द्याला याहून चांगला पुरावा मला सुचत नाही.

धागाकर्त्याचे उत्तर

लेखाची मांडणी आता पूर्ण बदलतो आहे. विश्वविजेत्यांऐवजी संघातील उरलेल्या तिघांपासून सुरुवात करीन. एक शेवटची शंका. वरचा हिशेब प्रत्येक रॅक सारखाच धरतो. पण जो ब्रेक (रॅकचा पहिला फटका) करतो त्याला फायदा असतो, आणि जिंकणाऱ्यानेच पुन्हा ब्रेक करायचा असेल तर चांगली लय लागलेला खेळाडू समोरच्याला खुर्चीतून उठूच देणार नाही. आळीपाळीने ब्रेक ठेवला असता तर अमेरिकेला लाभ झाला असता का?

प्रतिसाद १ (पुन्हा)

नाही, आणि याचे कारण पाहण्यासारखे आहे. पहिला ब्रेक मिळालेल्या खेळाडूला 'अ' म्हणू. आळीपाळीने ब्रेक असेल तर पूर्ण लांबलेल्या नऊ रॅकमध्ये अ पाच वेळा ब्रेक करतो आणि ब चार वेळा. जिंकणाऱ्याचा ब्रेक असेल तेव्हा अ पहिला ब्रेक करतो आणि नंतर जिंकलेल्या प्रत्येक रॅकनंतर एक, म्हणजे सामना संपेपर्यंत पाचपेक्षा अधिक नाही; ब चे ब्रेकही त्याच न्यायाने चारच्या वर जात नाहीत. सामना संपल्यावर उरलेले रॅक नुसते कल्पनेने खेळवून दोघांचे पाच आणि चार ब्रेक पूर्ण केले, तरी विजेता बदलत नाही, कारण त्याने पाच रॅक आधीच जिंकलेले असतात. म्हणजे दोन्ही पद्धतींत मोजले जाणारे रॅक तेच, आणि सामना जिंकण्याची शक्यताही तीच. जिंकणाऱ्याच्या ब्रेकमध्ये ५-० सारखे एकतर्फी आकडे अधिक दिसतात, त्यामुळे पराभव अधिक बोचतो. निकाल मात्र त्या नियमामुळे बदललेला नाही. लेखात हा परिच्छेद वापरायचा असल्यास खुशाल वापरावा.