ॲरो की ओळखायला शिकवताना थेट एनकर्सेस (टर्मिनलवर कळा वाचायची तयार लायब्ररी) द्यावं का?

लॅबवाली:
डिप्लोमाच्या मुलांना सी शिकवते. सापाचा गेम करताना दरवर्षी तीच चूक दिसते. मुलांनी ॲरोंचे कोड ७२, ८०, ७५, ७७ पाठ केलेले असतात: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. लूपमध्ये 'गेटच' (एक कळ वाचणारं फंक्शन) एकदाच बोलावतात आणि आलेला आकडा ७२ आहे का ते बघतात. साप वर जातो, मुलं खूश. पण कॅपिटल एच दाबला तरी साप वरच जातो, कारण एचचा आस्की कोडही ७२च आहे! टर्बो सीमध्ये ॲरो दाबल्यावर गेटच आधी ० देतं (विंडोज कन्सोलवर २२४) आणि पुढच्या वेळी ७२. तो पहिला आकडा कोणी बघतच नाही.

माझं मत: लायब्ररी नंतर. आधी येणारा प्रत्येक बाइट छापून बघायला लावा. लिनक्सवर तोच वरचा ॲरो २७, ९१, ६५ असे तीन बाइट पाठवतो, हे मुलांनी स्वतः पाहायला हवं.

खिडकीबाहेर:
ताई, पटलं नाही. बाइट दाखवले की मुलं तेच आकडे इफ-एल्समध्ये कोंबतात. एफ१ घ्या. एक्सटर्म या टर्मिनलमध्ये एस्केप, ओ, पी येतं. लिनक्सच्या मूळ कन्सोलवर एस्केप, दोन चौकटी कंस आणि ए. किती टर्मिनलं पाठ करणार? कोणतं टर्मिनल कोणत्या कळीला काय पाठवतं याची नोंद ठेवणारा टर्मिन्फोचा डेटाबेस याचसाठी आहे. एनकर्सेसमध्ये कीपॅड चालू केलं की प्रोग्रॅमला सरळ 'की अप' मिळतं. पहिल्या दिवसापासून हीच सवय लागू दे.

लॅबवाली:
दादा, मग त्याच एनकर्सेसमध्ये मुलगा मेनू बंद करायला एस्केप दाबतो आणि प्रोग्रॅम सेकंदभर गप्प बसतो. त्याला वाटतं कीबोर्ड अडकला. एकट्या एस्केपचा बाइट २७ आणि ॲरोचा पहिला बाइटही २७, म्हणून लायब्ररी पुढचं काही येतंय का याची वाट बघते, मूळ सेटिंगमध्ये १००० मिलिसेकंद. ती मुदत कमी करता येते, पण का करायची हे बाइट न पाहिलेल्याला कसं कळणार?

रात्रपाळी:
मी ताईंच्या बाजूने, पण टर्मिऑसही (टर्मिनलची सेटिंग बदलायची सोय) शिकवा. ओळीची वाट बघणं बंद केल्याशिवाय लिनक्सवर एंटर दाबेपर्यंत एकही बाइट हाती येत नाही. सोबत एको, म्हणजे टाइप केलेलं पडद्यावर दिसणं, हेही बंद करतात. आणि प्रोग्रॅम मधेच कोसळला तर टाइप केलेलं दिसेनासं होतं. तेव्हा न बघता टर्मिनल पूर्ववत करणारी 'एसटीटीवाय सेन' (stty sane) ही कमांड टाइप करून एंटर मारायचं, हे मला नोकरीत पहिल्या महिन्यात कोणीतरी सांगितलं. कॉलेजात कळलं असतं तर बरं झालं असतं.

खिडकीबाहेर:
एस्केपचा मुद्दा मान्य. पण बाइट बघूनही सगळं मिळत नाही, हेही सांगा. साध्या टर्मिनलमध्ये टॅब आणि कंट्रोल-आय दोन्ही ९च. नुसती शिफ्ट दाबली तर काहीच येत नाही, कळ सोडल्याचंही कळत नाही. विंडोजवर रीड-कन्सोल-इनपुट हे फंक्शन दाबणं आणि सोडणं वेगळं देतं, पण मग तो प्रोग्रॅम विंडोजपुरताच राहतो. बाइट छापायला एक प्रॅक्टिकल ठेवा, त्याहून जास्त नको. सबमिशनला इफ-एल्समध्ये ९१ दिसला तर मी तरी परत पाठवेन.

लॅबवाली:
एक प्रॅक्टिकल चालेल. पण ते पहिलं हवं, एनकर्सेसच्या आधी. आणि एच दाबून साप हलतो का, हे प्रत्येकाने तपासलंच पाहिजे.