अक्कलदाढ इथेच काढू की पुण्याला जाईपर्यंत थांबू?

सायली_मँचेस्टर:
उजवीकडची खालची अक्कलदाढ. अर्धीच वर आलीय, बाकीच्या भागावर हिरडी आहे आणि तिच्याखाली घास अडकतो. मार्चमध्ये सूज आली तेव्हा डेंटिस्टने आत धुऊन दिलं आणि "एकदा झालं म्हणून काढत नाही" म्हणाली. रागच आला होता मला. आता सप्टेंबरात पुन्हा तेच. चार दिवस तोंडात दोन बोटं जात नव्हती, चमच्याच्या टोकाने पेज घेत होते. आता ती हॉस्पिटलकडे पाठवतेय, पण नंबर लागायला पाच-सहा महिने म्हणे. दिवाळीला सोळा दिवस पुण्याला जातेय. आई म्हणते, येतेच आहेस तर चारही काढून टाक, मी आहे करायला. इथे एकटी राहते, त्यामुळे या शेवटच्या वाक्यानेच मन तिकडे ओढतं.

दातांची_डॉक्टर:
सायली, डेंटिस्टवर रागावू नकोस. इंग्लंडात 2000 सालापासून 'नाइस'ची (कोणते उपचार कधी करावेत हे सांगणारी तिथली सरकारी संस्था) मार्गदर्शक सूचना आहे की, त्रास न देणारी अक्कलदाढ काढायची नाही. हिरडीची पहिली सूज, फार तीव्र नसेल तर, पुरेसं कारण धरत नाहीत. दुसऱ्यांदा आली की धरतात. तुझी दाढ आता काढण्यासारखी झालीय. बाकीच्या तीन चांगल्या असतील तर त्यांना हात लावू देऊ नकोस, आईला माझ्या नावाने सांग.
खरा प्रश्न गावाचा नाही, मुळं नसेच्या किती जवळ आहेत याचा आहे. खालच्या जबड्यातून ओठ आणि हनुवटीची नस जाते. तिला धक्का लागला तर ओठ बधिर राहतो, क्वचित कायमचा. ओपीजीत, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत, मुळं नसेवर आलेली दिसली तर आधी सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) आणि मग ओरल सर्जनच.

कोथरूड_ते_लीड्स:
मी पुण्यात काढली, पण लग्नकार्य, खरेदी सगळं उरकून, परतीच्या तीन दिवस आधी. लीड्सला पोचलो त्या रात्री जबड्यापासून कानापर्यंत ठणका, तोंडाला घाण वास. खोबणीतली रक्ताची गुठळी निघून गेली होती, ड्राय सॉकेट. 111 ला, म्हणजे इथल्या आरोग्य हेल्पलाइनला, फोन करून तातडीची वेळ मिळाली. तिथे खोबणी धुऊन लवंगेच्या तेलाचं औषध भरलं, दहा मिनिटांत अर्धं दुखणं गेलं. तेच माझ्या डॉक्टरांनी पुण्यात केलं असतं, मी तिथे असतो तर.
तेव्हा काढायचीच तर उतरल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काढा. आणि इथला नंबर रद्द करू नका; एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, हॉस्पिटलात काढली तर पैसे पडत नाहीत.

सायली_मँचेस्टर:
दोघांचेही मनापासून आभार. सोमवारी डेंटिस्टकडून ओपीजीची प्रत मागते आणि पुण्यातल्या सर्जनना आधीच पाठवते. मुळं मोकळी असतील तर धनत्रयोदशीच्या आधीच्या आठवड्यात एकच दाढ. नसेला लागून असतील तर इथेच थांबेन. चकल्या या वर्षी नकोत असं आईला आत्ताच कळवलं. ती म्हणाली, मऊ खिचडी करीन, ये तू.