विषय: बेळगावात शिकायला आलेय, रविवारी कुठं फिरू?

सगळ्या काका-काकूंना नमस्कार,

एका सत्रासाठी बेळगावात येऊन तीन आठवडे झाले. सुट्टी लागली की वसतिगृहातल्या मुली गोव्याची बस पकडतात. म्हणतात, इथं बघायला आहे काय? मला ते पटत नाही. आजीचं माहेर शहापूर, तिच्या तोंडून इथल्या गल्ल्या ऐकतच मी वाढले.

गेल्या रविवारी एकटीच किल्ल्यात गेले. कमलबस्तीत, म्हणजे तिथल्या जुन्या जैन मंदिरात, चपला काढून पाय ठेवला तर फरशी गारेगार. काळ्या दगडाचे खांब इतके घोटलेले, की त्यात माझ्या ओढणीचा रंग उतरला होता. मान वर केली आणि खालीच बसले. छतातून दगडाचं कमळ उलटं उमललंय! 1204 साली रट्ट राजांचा मंत्री बिचिराज यानं ही बस्ती बांधवली. त्याच तटाच्या आत 1519 सालची सफा मशीद, आणि रामकृष्ण आश्रमही. दोन तास कसे गेले कळलं नाही.

एक विचारायचं होतं. आजी नेहमी म्हणायची, "आम्ही बेळगावचे नव्हे, शहापूरचे." रिक्षातून जाताना मला तर दोन्ही एकच गाव वाटलं. मग फरक कसला?

तुमची भाची

---

उत्तर: बेळगावात शिकायला आलेय, रविवारी कुठं फिरू?

अगं पोरी,

आजी बरोबरच बोलायची. बेळगाव 1818 पासून इंग्रजांचं, आणि शहापूर सांगलीकर पटवर्धनांच्या संस्थानातलं. मध्ये ना नदी ना डोंगर, तरी राजा वेगळा. 1948 ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. 1956 ला चंदगड तालुका महाराष्ट्राच्या बाजूला राहिला आणि बाकीचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. म्हणजे घराचा उंबरठा न बदलता शहापूरच्या माणसांनी तीन सरकारं बघितली. आमच्या घरात ती सल अजून आहे, आणि ती मी लपवणार नाही. पण तू आधी गाव पायी बघ, मग त्यावर बोलू.

रिक्षा करू नकोस. कपिलेश्वराला नमस्कार कर, पूल उतर, शहापुरातून सरळ वडगाव-खासबागकडे चालत जा. विणकरांची वस्ती आधी कानाला कळते. माझी आत्या मागावर बसणाऱ्यांना कांड्या भरून द्यायची. दिवाळीच्या आधी तिची बोटं आठवडाभर जांभळी असायची, साबणानं निघायची नाहीत. त्या बोटांनी ती मला भात कालवून द्यायची.

टिळकवाडीत काँग्रेस विहीर बघून ये की. 1924 च्या डिसेंबरात तिथं अधिवेशन भरलं. गांधीजी काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले ते या एकाच वेळी. आलेल्या माणसांना पाणी पुरावं म्हणून ही विहीर खणली. मला भाषणांपेक्षा ती विहीर मोठी वाटते. हजारो माणसं बोलवायची तर आधी पाण्याचं बघायचं, हे त्यांना सुचलं.

कुंदा सगळेच बांधून आणतात. तू मांडे होताना बघ. पोळी हातांवर झेलत झेलत ताणतात, उलट्या तापलेल्या भांड्यावर टाकतात, आत तूप-साखर घालून घडी मारतात. नजर हलली की पोळी फाटली.

आणि चार कानडी शब्द शिक. भाव विचारताना "एष्टु", पानात भात पडायला लागला की "साकु". समोरचा बहुतेक वेळा मराठीतच उत्तर देईल, पण तू विचारलंस याचा त्याला आनंद होतो. माझं निम्मं बालपण कानडी शेजारणीच्या ओट्यावर गेलंय, म्हणून सांगतो.

शहापूरचा काका

---

उत्तर: उत्तर: बेळगावात शिकायला आलेय

काका, काल चालले! वडगावात एका घराच्या दारात थबकले, आत माग चालू होता. आतल्या आजींनी हात थांबवला. "कुणाची गं तू?" मी आजीचं माहेरचं आडनाव आणि गल्ली सांगितली. त्यांनी गल्लीतल्या विहिरीपासून चौथं घर का, असं विचारलं. मला माहीत नव्हतं. आज आईला फोन लावून विचारलं.

चौथंच आहे.